सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर बाबांचा एक राउंड: कसं जमवावं?

मुग्धा_लीड्स

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

येत्या जूनमध्ये बाबा सत्तरीचे होतायत. नौदलातून निवृत्त झाले, आता पुण्यात असतात. पहाटे साडेपाचला गोल्फची बॅग डिकीत टाकून घराबाहेर पडायचं, हा वीस वर्षांचा नेम. हँडिकॅप १९ (आकडा जितका कमी तितका खेळ चांगला, एवढंच मला कळलंय). त्यांचे जोडीदार कुलकर्णीकाका, हँडिकॅप २३ (काका म्हणतात २२). दोघं जूनमध्ये माझ्याकडे येतायत.

बाबांनी आजवर स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. पण टीव्हीवर ओपन (गोल्फची मोठी स्पर्धा) लागली आणि स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा तो बुटका दगडी पूल दिसला, की ते आवाज वाढवतात. पुलाला कसला आवाज! तर मला त्यांना तिथल्या ओल्ड कोर्स या मैदानावर खेळवायचंय.

मी स्वतः खेळत नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध असतील:

१. क्लबाचे सभासद नसताना खेळू देतात का?
२. एका एजंटने 'गॅरंटीड टी-टाइम'सकट (म्हणजे खेळ सुरू करायची पक्की वेळ) दोघांचा जो आकडा सांगितला, त्यात आमचं स्वयंपाकघर नवं होईल. तो मार्ग धरावा का?
३. चार दिवस पुरतील?
४. मी त्यांच्याबरोबर नुसती चालले तर चालेल का?

---

शंकेखोर

कुलकर्णीकाकांचा हँडिकॅप २२ की २३, हे आधी ठरवा. धागा तिथेच भरकटणार आहे.

---

रोहिणी_एडिनबरा

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सोपं, म्हणून आधी देते. रविवारी जा. रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद असतो आणि अख्खं गाव तिथे फिरायला येतं. कुत्री, बाबागाड्या, डबा घेऊन आलेली कुटुंबं, सगळं. पुलावर फोटोसाठी रांग लागते, पण कोणी हटकत नाही. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही की हेच ते जगप्रसिद्ध मैदान. म्हणाल्या, "कुंपण कुठाय?"

---

डंडीकर

मुग्धा, बारा वर्षं टे नदीच्या पलीकडे राहतोय, तेव्हा हा विषय माझा. जरा लांबेल.

रोहिणीताईंच्या सासूबाईंनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. कुंपण नाही, कारण ते क्लबाचं मैदान नाही, ते गावाचं आहे. आपल्याकडचं गायरान डोळ्यांसमोर आणा. १५५२ मध्ये तिथल्या आर्चबिशप हॅमिल्टननं गावकऱ्यांशी करार केला: त्या जमिनीवर ससे पाळायची परवानगी बिशपला आणि गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी असे खेळ खेळायचा हक्क गावाला. पुढे १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेनं जमीन विकली आणि ती सशांचा धंदा करणाऱ्यांच्या हातात गेली. सशांनी मैदान पोखरलं, गोल्फवाले आणि ससेवाले यांच्यात वीसेक वर्षं कोर्टकज्जे आणि मारामाऱ्या चालल्या. शेवटी १८२१ मध्ये शेजारचे जमीनदार जेम्स चीप यांनी जमीन विकत घेतली, तेव्हा कुठे गोल्फ वाचला. आज १९७४ च्या कायद्यानं नेमलेला सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट सगळा कारभार बघतो.

पहिल्या टीच्या (जिथून पहिला फटका मारतात) मागे ती भारदस्त दगडी इमारत दिसते ना, ती रॉयल अँड एन्शंट क्लबाची. क्लब १७५४ चा. पण मैदान त्यांच्या मालकीचं नाही.  तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सभासद असायची गरज नाही. अधिकृत हँडिकॅपचं प्रमाणपत्र मात्र लागतं. ते निघायच्या आधी पुण्याच्या क्लबातून घ्या, छापील प्रत बाबांच्या खिशात आणि दुसरी तुमच्या फोनमध्ये.

वेळ मिळवायच्या वाटा अशा. पहिली, आदल्या वर्षी ऑगस्टअखेरीस ट्रस्ट पुढच्या वर्षासाठी अर्ज घेतो. ती तुमची हुकली. दुसरी, बॅलट, म्हणजे सोडत. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत ऑनलाइन नावं टाकायची, किमान दोन आणि जास्तीत जास्त चार जण. त्याच संध्याकाळी निकाल. बाबा-काका दोघं आहेत, म्हणजे पात्र. रविवारी खेळ नसतो आणि सोमवारची सोडत शनिवारी निघते, हे विसरू नका. तिसरी वाट एकट्या खेळाडूंची. पूर्वी लोक मध्यरात्रीपासून स्टार्टरच्या (खेळाडूंना क्रमानं सोडणारा) खोपटापाशी थंडीत रांग लावून बसायचे. २०२४ पासून ते बंद झालं. आता आदल्या दिवशी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या दरम्यान स्वतः पॅव्हिलियनवर जाऊन नाव नोंदवायचं, मग सोडत. नाव निघालं तर दोन-तीन जणांच्या गटात रिकामी जागा असेल तिथे तुम्हाला बसवतात.

ग्रीन फी, म्हणजे एका राउंडचे पैसे, २०२४ च्या मोसमात ३२० पौंड होती, दर साली वाढते. कॅडीचे (बॅग उचलून वाट सांगणारा) पैसे वेगळे, त्याची टीप त्याहून वेगळी.

एजंटबद्दल मी बोलत नाही. अण्णा बोलतील.

---

अण्णा_चेंबूर

बोलतो.

मुग्धा बेटा, परवानाधारक टूरवाले असतात, त्यांच्याकडे खऱ्या वेळा असतात आणि त्यांचे दरही तसेच असतात. ज्याला परवडतं त्यानं जरूर जावं. माझी गोष्ट वेगळी. दहा वर्षांपूर्वी आम्ही चेंबूरचे चौघे गेलो. मुंबईच्या एका टूरवाल्यानं 'सेंट अँड्र्यूजला नक्की खेळवतो' म्हणून पैसे घेतले. तिथे पोचल्यावर कागद बघतो तर वेळ शेजारच्या मैदानाची! फोन केला, तर म्हणे, "सर, सेंट अँड्र्यूजच आहे ना?" खोटं नव्हतं. त्या एका गावात ट्रस्टची सात मैदानं आहेत: ओल्ड, न्यू, ज्युबिली, ईडन, स्ट्रॅथटायरम, नऊ होलांचं बॅलगोव्ह आणि कड्यावरचं कॅसल. कागदावर 'ओल्ड कोर्स' हे दोन शब्द आहेत का आणि वेळ लिहिलीय का, एवढं बघ. नसेल तर स्वयंपाकघर करून घे.

आम्हाला ओल्ड मिळालं ते शेवटच्या दिवशी बॅलटमध्ये. त्याआधी तीन वेळा नाही निघालं. म्हणून चार दिवस कमी आहेत. शनिवारी जा, शुक्रवारी परत या.

---

खारवी

मी गोल्फ खेळत नाही, तरी वाचतोय. हे 'लिंक्स' म्हणजे नेमकं काय? फोटो बघितले तर मला आमची आंजर्ल्याची पुळणच दिसली. वाळूचे उंचवटे, वर गवत, मागे शेती.

---

डंडीकर

खारवी, तुम्ही न खेळता ओळखलंत! लिंक्स म्हणजे समुद्र आणि कसदार शेतजमीन यांच्यामधला पट्टा. वाऱ्यानं वाळू आणून टाकलेली, नांगराला निरुपयोगी, म्हणून जनावरं आणि खेळ यांना मोकळी सोडलेली. तुमच्या पुळणीवर मर्यादावेल वाळू धरून ठेवतो, इथे टोकदार मॅरम गवत धरतं. फेस्क्यू नावाचं बारीक चिवट गवत आत उगवतं, ते मेंढ्या आणि सशांनी कुरतडून आखूड ठेवलं. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या उंचवट्याला टेकून बसायच्या, तिथली माती झिजून वाळू उघडी पडायची. बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, त्यातूनच आले असं सांगतात. कोणी आराखडा काढून हे मैदान बांधलेलं नाही.

वाळूमुळे पाणी पाच मिनिटांत जिरतं. जमीन बारा महिने टणक. चेंडू पडला की थांबत नाही, घरंगळत जातो आणि कुठल्या खळग्यात शिरेल सांगता येत नाही. पुण्याच्या हिरव्या मऊ फेअरवेवर (टीपासून ग्रीनपर्यंतची कापलेल्या गवताची पट्टी) चेंडू उंच मारायची सवय असेल, तर ती इथे उलटी पडते. बाबांना सांगा, ग्रीनपासून (होलाभोवतीचं अगदी आखूड गवत) चाळीस यार्डांवर असाल तरी पटर, म्हणजे चेंडू घरंगळवायची काठी, काढा. लाज वाटून घेऊ नका, तिथे सगळेच काढतात.

---

खारवी

आमच्याकडे असल्या जागेत सुरूचं बन लावतात नाहीतर रिसॉर्ट.

---

शंकेखोर

गायरान आपल्याकडे असतं तर सशांवरून कोर्टात वीस वर्षं गेलीच असती. तोवर आरक्षण उठून तीन टॉवर उभे, आणि त्यातल्या एकाचं नाव 'द लिंक्स'.

---

मुग्धा_लीड्स

🙂 सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटला 'नाही' म्हणून कळवलंय. नवऱ्यानं स्वयंपाकघराचा विषय काढला, त्यालाही 'नाही' म्हणून कळवलंय.

शनिवार ते शुक्रवार खोली बघतेय. आता बाबांच्या दृष्टीनं: प्रत्यक्ष मैदानावर काय लक्षात ठेवायचं? ते आत्तापासून यूट्यूबवर अभ्यास करतायत आणि रोज मला फोनवर 'रोड होल' समजावून सांगतात. मला काही कळत नाही, मी हो म्हणते.

---

अण्णा_चेंबूर

मी जे चुकलो तेच सांगतो.

पहिल्या टीवर हात कापतात. मागे क्लबाची इमारत, बाजूला रस्त्यावर बघे उभे, आणि स्टार्टर नाव पुकारतो. वास्तविक जगातला सगळ्यांत सोपा ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) तोच. पहिला आणि अठरावा होल यांचं फेअरवे एकच, शंभर यार्डांहून रुंद, एकही बंकर नाही. मी तरीही चेंडू उजवीकडे हद्दीबाहेर घातला. जाताना, म्हणजे पहिल्या नऊ होलांना, उजवी बाजू जवळजवळ सगळीकडे धोक्याची, म्हणून एकच मंत्र: डावीकडे मार. पहिल्या ग्रीनच्या अगदी तोंडाशी स्विल्कन बर्न आहे. ओढा इतका अरुंद की ढांगेत ओलांडावा, पण चेंडू नेमका त्यातच जातो.

मधेच, पहिल्या आणि अठराव्याला आडवा छेदून एक सार्वजनिक रस्ता जातो, ग्रॅनी क्लार्क्स वाइंड. लोक समुद्रावर निघालेले असतात, गाडीही येते. आपण क्लब हातात धरून थांबायचं. माझ्या वेळी एक आजीबाई टोपली घेऊन शांतपणे पलीकडे गेल्या, आमच्याकडे बघितलंही नाही.

ग्रीन जोडीनं आहेत. सात प्रचंड ग्रीन, प्रत्येकावर दोन झेंडे, जाताना पांढरा, येताना लाल. जोडीची बेरीज नेहमी १८: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, पाचवा-तेरावा. फक्त पहिला, नववा, सतरावा, अठरावा यांचं ग्रीन स्वतंत्र. मी एकदा भलत्याच झेंड्याकडे मारला आणि ऐंशी यार्डांचा पट (पटरचा फटका) केला. तो पट मी अजून कोणाला तरी सांगत असतो.

बंकर ११२. निम्मे दिसतच नाहीत, कारण पूर्वी हे मैदान उलट्या दिशेनंही खेळायचे आणि काही बंकर त्या बाजूनं येणाऱ्यांसाठी आहेत. चौदाव्याला 'हेल' नावाचा बंकर आहे, नाव सार्थ आहे. अडकलात तर पुढे मारायचा हट्ट नको, मागे किंवा आडवं काढा. बॉबी जोन्ससारखा माणूस १९२१ साली अकराव्याच्या बंकरमध्ये असा अडकला की वैतागून त्यानं स्पर्धाच सोडली. सहा वर्षांनी त्याच मैदानावर ओपन जिंकला, आणि १९५८ मध्ये गावानं त्याला मानद नागरिकत्व दिलं. उलट टायगर वुड्स २००० मध्ये चार दिवसांत एकाही बंकरमध्ये गेला नाही. आपण जोन्सकडून शिकावं, ते आपल्या आवाक्यातलं आहे.

---

डंडीकर

रोड होल मी सांगतो, म्हणजे मुग्धाला 'हो' म्हणताना अर्थ कळेल.

सतरावा. टीवरून समोर फेअरवे दिसतच नाही, हॉटेलाच्या शेड दिसतात. पूर्वी तिथे रेल्वेची गोदामं होती, त्यांच्या आकाराच्या. त्यांच्या कोपऱ्यावरून आंधळा चेंडू मारायचा. मग ग्रीन: अरुंद, तिरकं, पुढ्यात डावीकडे खोल गोल खड्ड्यासारखा रोड बंकर, मागे डांबरी रस्ता आणि त्यामागे दगडी भिंत. रस्त्यावर चेंडू गेला तर रस्त्यावरूनच खेळायचा, सूट नाही. १९७८ च्या ओपनमध्ये जपानचा नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर होता. पट जरा जोरात गेला, उतारावरून घरंगळत बंकरमध्ये. बाहेर यायला चार फटके लागले आणि कार्डावर ९ पडले. इथले लोक अजून त्या बंकरला गमतीनं नाकाजिमाची वाळू म्हणतात.

बाबांना म्हणावं, तिसरा फटका ग्रीनच्या उजवीकडे थोडा आखूड ठेवा, तिथून पटर. पाच आले तर पेढे वाटा.

कॅडी नक्की घ्या, इथे पैसे वाचवू नका. तो यार्ड कमी सांगतो आणि 'त्या मनोऱ्याच्या डावीकडे' असं जास्त सांगतो. वारा भरती-ओहोटीबरोबर फिरतो, असंही तो सांगेल. मी वाद घालत नाही.

---

रोहिणी_एडिनबरा

प्रवासाचं: सेंट अँड्र्यूजला रेल्वे नाही, १९६९ मध्येच बंद झाली. ल्यूकर्सला उतरायचं, तिथून बस किंवा टॅक्सीनं पंधरा मिनिटं. लीड्सहून येताना एडिनबरानंतर डब्याच्या उजव्या बाजूला बसा, लाल फोर्थ पूल लागतो. नौदलातल्या माणसाला १८९० चा तो पूल दाखवायलाच हवा.

जून असला तरी थंडीचे कपडे. पूर्वेकडून समुद्रावरचं धुकं येतं, इथे त्याला 'हार' म्हणतात. भर दुपारी आलं तर शंभर पावलांवरचं दिसत नाही. छत्री आणू नका, उलटी होते. उजेडाची चिंता नको, रात्री दहापर्यंत असतो, त्यामुळे संध्याकाळची वेळ मिळाली तरी आनंदानं घ्या.

आणि मुग्धा, तुझ्यासाठी: ओल्ड कोर्सच्या बाजूलाच हिमालयाज नावाचं पटिंगचं मैदान आहे, नुसते उंचसखल गवताचे डोंगर. १८६७ पासून तिथे बायकांचा पटिंग क्लब आहे. क्लबाची वेळ सोडून कोणालाही थोड्या पैशांत खेळता येतं. रॉयल अँड एन्शंटनं बायकांना सभासदत्व दिलं २०१४ मध्ये! आपण तोवर शेजारी पट मारत होतो.

---

शंकेखोर

१४७ वर्षं. मोजलं मी. पटिंगमध्ये फार धीर लागतो म्हणतात, ते खरंय.

---

अण्णा_चेंबूर

ओल्ड मिळेपर्यंत दोघांना नुसतं बसवू नकोस. न्यू कोर्सची वेळ आधी घेऊन ठेव. न्यू म्हणजे १८९५ चा, हेच त्यांचं नवं. आणि बाबा नौदलातले आहेत ना? मग पंचवीस मिनिटांवर ईलीला जा. पहिल्या टीसमोर टेकडी आहे, पलीकडे माणसं आहेत की नाही ते दिसत नाही. म्हणून स्टार्टरच्या खोपटात पाणबुडीचा पेरिस्कोप बसवलाय. त्यातून बघून तो 'मारा' म्हणतो.

---

मुग्धा_लीड्स

पेरिस्कोप!!! हे मी बाबांना सांगणार नाही. तिथे जाऊनच दाखवते.

---

खारवी

परत आलात की लिहा. धागा अर्धवट सोडणाऱ्यांना इथे शिव्या बसतात.

---

मुग्धा_लीड्स

(जून, शुक्रवार रात्र. ल्यूकर्सहून परतीच्या गाडीत.)

शिव्या नकोत, लिहितेय. बाबा समोर झोपलेत, कुलकर्णीकाका खिडकीतून तोच लाल पूल चौथ्यांदा मोबाइलमध्ये टिपतायत.

शनिवारी पोचलो. रेल्वेत असतानाच सोमवारच्या सोडतीत नाव टाकलं होतं. संध्याकाळी निकाल: नाही. रविवारी मैदानावर फिरलो. बाबा चपला काढून पुलावर चढले. मी म्हटलं, बाबा, देऊळ नाहीये. ते म्हणाले, पाय थंड होतात का बघतोय. कॅथेड्रलच्या आवारात ओल्ड टॉम मॉरिसची कबर पाहिली, शेजारी त्याच्या मुलाचीही. चार वेळा ओपन जिंकलेला मुलगा १८७५ च्या नाताळात चोविसाव्या वर्षी गेला आणि बाप १९०८ पर्यंत जगला, हे बाबा पाटीपाशी उभे राहून सांगत होते. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

मंगळवारची सोडत: नाही. बुधवारची: नाही. सोमवारी न्यू कोर्सवर वाऱ्यानं दोघांच्या टोप्या नेल्या. काकांच्या गुडघ्यानं तिथेच राजीनामा दिला. मंगळवारी ईली. अण्णा, तुम्हाला साष्टांग नमस्कार! बाबा पेरिस्कोपला डोळा लावून उभे, आणि मागे खोळंबलेल्या चार स्कॉटिश आजोबांना ते सांगतायत की याच्या मुठी कशा धरायच्या. स्टार्टरनं शेवटी स्वतःची खुर्ची दिली त्यांना. गुरुवारची सोडत त्याच संध्याकाळी: नाही.

मी रडकुंडीला आले होते. काका दशम्यांचा डबा उघडत बाबांना म्हणाले, "उद्या सकाळी त्या एकट्यांच्या यादीत जा. माझा गुडघा सहा तास उभा राहणार नाही, नाव तू एकट्याचं घाल." बाबा नको म्हणत होते. बरोबर आलोय तर दोघं खेळू, नाहीतर कोणी नको. काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि बुधवारी सकाळी नऊला त्यांना हाताला धरून पॅव्हिलियनवर नेलं. प्रमाणपत्राची घडी बाबांनी इतक्या वेळा उघडली होती की ती मधून फाटली. फोनमधली प्रत दाखवली. (डंडीकर, दुसऱ्या प्रतीबद्दल धन्यवाद.)

बुधवारी संध्याकाळी आम्ही हिमालयाजवर पट मारत होतो तेव्हा बाबांचा फोन वाजला. गुरुवार, ४ वाजून ५० मिनिटं. बाबांनी मेसेज मला वाचायला दिला, मग काकांना, मग परत मला. काका फक्त म्हणाले, "मी बॅग धुवून आणतो."

स्टार्टरला विचारलं, आम्ही दोघं बरोबर चाललो तर चालेल का. तो म्हणाला, चला, ग्रीनवर पाय नको. गटात एक ग्लासगोचा शिक्षक आणि एक कॅनडाचं जोडपं. नाव पुकारताना स्टार्टरनं आमच्या आडनावाचं जे केलं ते इथे लिहीत नाही. बाबांचा पहिला फटका सरळ, डावीकडे, मधोमध. मागे रस्त्यावर उभ्या असलेल्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा, हात कापत होते, मी पाहिले.

सगळं सांगत बसत नाही. ओढ्यात एक चेंडू गेला. हेल बंकर चुकवला. पाचव्यावर चुकीच्या झेंड्याकडे मारला आणि परतीचा पट इतका लांब होता की कॅडी दुसऱ्या टोकाला चालत गेला झेंडा धरायला. तिसऱ्या तासापासून काकांचा गुडघा दुखायचा थांबला, असं काका म्हणतात.

सतराव्यापर्यंत साडेआठ वाजले होते, ऊन तिरकं होऊन गवताच्या प्रत्येक लाटेला सावली आली होती. बाबा शेडच्या वरून मस्त मारून गेले. दुसरा फटका चांगला. तिसरा उजवीकडे आखूड ठेवायचा, डंडीकरांचं पाठ होतं. पण समोर झेंडा दिसला आणि बाबांना राहवलं नाही. थेट रोड बंकर. आत उतरल्यावर फक्त टोपी दिसत होती. एकदा वाळू उडाली. परत उडाली. परत. कॅडी मान खाली घालून उभा. मग चेंडू आला एकदाचा बाहेर, ग्रीनवरून पळत रस्त्यावर.

अठराव्यावर पाच. पुलावर कॅडीनं फोटो काढला तेव्हा बाबांनी काकांना ओढून शेजारी उभं केलं, न खेळता.

राउंडनंतर कार्ड सही करायला बसले. बाबांनी सतराव्यासमोर ९ लिहिले आणि अभिमानानं मला दाखवलं: "नाकाजिमाइतकेच." कुलकर्णीकाकांनी चष्मा वर करून कार्ड पाहिलं आणि म्हणाले, "दहा. मी मोजत होतो."

---

शंकेखोर

काकांचा हँडिकॅप २२ च आहे. माझी शंका मागे घेतो.